प्रयोग क्रमांक चार

मंगळवार, दुपारी दोन ते चार, बी बॅच.
फर्मागुडीच्या पठारावर जांभा इतका तापलेला
की पायरीवर काढलेली चप्पल
परत घालताना पाय आखडतो.
आत एकवीस मुलं, चार टेबलं,
एका टोकाला घट्ट आवळलेली पोलादी पट्टी,
दुसऱ्या टोकाला लोंबतं पारडं,
पट्टीच्या पाठीवर टेकलेला डायल गेज,
आणि मी.

मी म्हणजे अर्धा सर.
स्टाफरूममध्ये मला खुर्ची आहे, ड्रॉवर नाही.
मला बघून पोरं सिगारेट विझवत नाहीत,
जरा खाली धरतात.
ऑगस्टपासूनचं मानधन अजून कुठल्याशा टेबलावर आहे.
मडकईत आई शेजाऱ्यांना सांगते, आमचा कॉलेजात शिकवतो.
मी लाल पेनानं 'तपासले' असं लिहितो,
खाली तारीख.

आज सबमिशन. जर्नलांचा ढीग.
पहिलं उघडलं.
अर्धा किलो: शून्य पूर्णांक सत्तेचाळीस.
एक किलो: चौऱ्याण्णव.
दीड किलो: एक पूर्णांक अडतीस.
दुसरं उघडलं. अडतीस.
तिसरं, सातवं, बारावं. अडतीस, अडतीस, अडतीस.

हे अडतीस माझे आहेत.

सात वर्षांपूर्वी याच खिडकीत बसून,
एकही वजन न उचलता, मी ते लिहिले.
फातोर्ड्याला मॅच होती,
खाली बार्रेटोची बाईक घरघरत होती.
दीडला खरं तर एक्केचाळीस यायला हवेत,
साधं त्रैराशिक आहे,
पण सगळंच सरळ आलं की सरांना संशय येतो
म्हणून तिथं मी तीन शतांश मुद्दाम चुकवले,
खोटी नोट चुरगळून
चार दिवस खिशात वागवावी तसे.
सरांनी 'तपासले' लिहिलं. मॅच आम्ही हरलो.
जर्नल कुणी ज्युनिअरनं मागून नेलं,
त्याच्याकडून पुढच्यानं.
शाई बदलली, अक्षर बदललं, इमारतीचा रंग बदलला.

विसावं जर्नल सेल्वीना कुलासोचं.
ही रिवणहून येते, दोन बस बदलून.
पानभर खाडाखोड.
बावन्न. मग सत्त्याण्णव.
दीडला एक पूर्णांक त्रेचाळीस, खोडलेले,
पुन्हा त्रेचाळीस,
आणि शेजारी पेन्सिलीनं बारीक:
सुई स्थिर होत नाही. का?
ग्राफवर तिची रेघ
पाचांतल्या तीन ठिपक्यांना न शिवताच निघून गेलेली.

'सर, माझंच चुकलंय ना? बाकी सगळ्यांचं सारखं आहे.'
मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.
मी म्हणालो, ठेव. उद्या बघतो.
लाल पेनाचं टोपण उघडंच राहिलं,
खिशावर डाग पडला तो घरी गेल्यावर दिसला.

चार वाजता खोली रिकामी.
उत्तम वेळीप किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात,
चोवीस वर्षं या यंत्रांना तेल घालणारा.
मी पारड्यात अर्ध्या किलोचं एक वजन ठेवलं.
मग दुसरं. मग तिसरं.
हाताला गंजाचा वास.
त्रेचाळीस. चव्वेचाळीस. एक्केचाळीस. त्रेचाळीस.
काटा नुसता धापा टाकतोय.

'बाब, फॅन बंद कर,' वेळीप दारातूनच म्हणाला,
'वाऱ्यान कांटो हालता.'
'हे मला कधी सांगितलं का नाहीस?'
'तुवें केन्ना विचारलें?'

त्यानंच बटण दाबलं.
पाती फिरत फिरत मंदावली, थांबली.
शर्ट पाठीला चिकटला.
खाली फोंड्याची बस हॉर्न देऊन निघून गेली,
वेळीपची होती ती, पण तो काही बोलला नाही,
स्टुलावर बसला, किल्ल्या मांडीवर.
मी वाकून काट्याच्या बरोबर समोर डोळा आणला
आणि सेल्वीनाच्या 'का?' खाली
पेन्सिलीनं लिहू लागलो.
एकवीस जर्नलांचं काय करायचं
ते अजून ठरलेलं नाही.
दोन किलोचं रीडिंग घ्यायचं राहिलंय.