पुडी क्रमांक एकोणचाळीस

परळला, चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये,
दोन ते आठ अंशांत, मी पुड्या सांभाळते.
अर्ध्यांत जिवाणू, अब्जावधी.
अर्ध्यांत नुसती मक्याची पिठी.
कुठली कुठली, ते मला ठाऊक नाही.
ठाऊक नसण्याचाच मला पगार आहे.

हेमकांत तांडेल, वय चौतीस, वर्सोवा.
मोठ्या आतड्याला सूज, व्रण, चार वर्षं.
'होरीवर संडास नसतो, मॅडम,' पहिल्याच दिवशी म्हणाला,
'दर्याला लाज नाही, पण भाऊ बसलेले असतात ना समोर.'
म्हणून आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजतो.
वर्सोव्यापासून परळपर्यंतची शौचालयं त्याला तोंडपाठ:
कुठली कडी लागत नाही,
कुठे सुटे नसले तर अडवतात,
कुठला म्हातारा नुसता चेहरा बघून आधी आत सोडतो.

दर मंगळवारी मी फोन करते.
किती वेळा? रक्त? रात्री उठलात?
रोजच्या गोळ्या घेतल्या ना?
नऊ. चौकटीत नऊ.

त्याची आई मध्येच फोन घेते:
घरच्या दह्याने नाही का भागणार, बाय?
तीस वर्षं मोडलं नाही हे विरजण.
काय सांगू. दह्यातले वेगळे, पुडीतले वेगळे,
आणि दोघांबद्दल आम्हाला पक्कं कळलेलं
तिच्या विरजणाच्या वाटीत मावेल.
या आजारात काही मिश्रणांचा
काही जणांना थोडा उपयोग, बहुधा.
औषधासोबत; औषध सोडून नाही.
क्रोनचा आजार असेल, तर तेवढंही म्हणवत नाही.
चाचण्या लहान. काहींचा खर्च
पुड्या विकणाऱ्यांनीच केलेला.
'बहुधा' म्हणताना मी
दुधात करंगळी बुडवल्यासारखी थांबते:
फार गरम नाही ना, फार गार नाही ना.

पाचव्या महिन्यात, दोन.
रक्त नाही.
सहाव्यात तो होरीवर जाऊन आला, रात्रभर,
आणि दोन पापलेटं घेऊन चौथा मजला चढला.
'लागू पडली तुमची पुडी.'
भेट घेणं नियमात बसत नाही. मी घेतली.

मग पाकिटं उघडली.
दोन्ही गटांत फरक होता,
योगायोगानेही पडला असता एवढा.
आणि एकोणचाळीस:
मक्याची पिठी.

त्याला मीच सांगितलं. फोनवर नको म्हणून बोलावून.
खुर्चीत बसून तो नखाखालचा खवला काढत राहिला.
'मग बरं कोणी केलं?'
गोळ्या, ज्या या सहा महिन्यांत त्याने एकदाही चुकवल्या नव्हत्या?
आजाराची आपली आपण आलेली ओहोटी?
की माणसाला कोणी विचारतंय, एवढंच?
मी म्हटलं, माहीत नाही.
या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय,
मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं.

तो हसला, दारापर्यंत गेला, वळला.
'पुड्या बंद करा. मंगळवारचा फोन नका करू बंद.'

फॉर्मवर याला चौकट नव्हती.
समासात लिहून ठेवलंय.