आदल्या रात्रीचे बटाटे

रेमी,
तू उठशील तेव्हा मी रस्त्यावर असेन.
पहाटे तीनपासून नऊ इंच सांगितलाय,
आणि मदावास्का ते ग्रँड आइल हा पट्टा
यंदाही माझ्याच बर्फाच्या नांगराला आलाय.
थँक्सगिव्हिंग आहे हे बर्फाला कोण सांगणार.

बटाटे झालेत.
फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, निळ्या काचेच्या भांड्यात,
ज्याचा एक कान तू सहावीत असताना उडवलास.
सात पौंड. उकडून, पाणी काढून,
रिकाम्या आचेवर हलवून कोरडे केले,
मग कुस्करले, गरम होते तोवरच.
लोण्याला हात आखडलेला नाही.

अकराला बाहेर काढून ठेव.
गारठलेली काच तापल्या ओव्हनमध्ये घालू नये, तडकते.
(हे भांड्याबद्दल सांगतेय. एरवीही लक्षात ठेव.)
साडेतीनशेवर, झाकून, चाळीस मिनिटं.
नंतर अर्धा कप दूध, कोमट, कडेकडेने,
आणि लाकडी चमच्याने नुसतं वरखाली.
घोटू नकोस. घोटलंस की त्याची खळ होते,
मग चिकटव तिने शाळेची पोस्टरं.

पेपेर नाक मुरडतील.
त्यांच्या हिशेबात बटाटा पातेल्यातून थेट ताटात,
मधे श्वास घ्यायलाही थांबायचं नाही.
तुझी आजी होती तेव्हा
आम्ही सगळे हात जोडून टेबलाशी,
आणि ती आत, वाफेत, एकटी, कुटत उभी.
तिचं आमेन मी नेहमी
स्वयंपाकघरातूनच ऐकलं.

ते म्हणतील, बटाटा वाट पाहत नाही.
तेव्हा तू त्यांना सांग की—
नको, सांगू नकोस काही.
उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही
आणि डाव्याने ऐकायचं नसतं.
पण तुला म्हणून सांगते,
बटाटा दुसरं करतो काय?
सप्टेंबरात तुमची शाळा तीन आठवडे बंद ठेवून
आपण तो मातीतून उपसला,
तेव्हापासून तळघरात बसलाय अंधारात,
एप्रिलपर्यंत डोळासुद्धा उघडत नाही.
एक रात्र फ्रीजमध्ये काढली
तर त्याचं काय बिघडणार आहे.

जोसेटला चमचा चाटू दे.
सेलीन आत्या टर्की घेऊन दोनला येईल,
तिच्या गाडीपुढची वाट आधी फावड्याने मोकळी कर.

चार ताटं मांड.
माझं उलटं घालून ठेव.
सहावं कपाटात, हाताशी असू दे,
टेबलावर नको.
तुझे बाबा बँगरहून निघतात की नाही
हे रस्त्यावर अवलंबून आहे असं म्हणू आपण.
निदान शेवटचे बारा मैल
मी साफ केलेले असतील.

*

रात्री सव्वानऊ.
बूट दारात. मनगटांत अजून नांगराची थरथर.
ताटं धुऊन, पुसून, कपाटात एकावर एक,
त्यामुळे मोजून काही कळत नाही.
घर झोपलंय. पेपेरांची आरामखुर्ची
त्यांच्या आकाराची खोलगट, रिकामी.

फ्रीजवर माझीच चिठ्ठी.
खाली पेन्सिलीने, तिरकं:

मधला भाग थंड राहिला. चाळीस पुरत नाहीत, पंचावन्न लागतात.
पेपेरनी तीनदा घेतलं. बोलले काही नाहीत.
जोसेटने तिच्यात ग्रेव्हीचं तळं केलं आणि त्यात वाटाणे बुडवले.
करपलेला कोपरा तुझ्यासाठी ठेवलाय.

आणि मग, कागद संपत आला म्हणून
अगदी बारीक अक्षरात, काठाला चिकटून:
बाबा म्हणाले, शेवटी शेवटी रस्ता चांगला होता.

भांडं काढलं. कोपरा होता, खरंच,
तपकिरी, काचेला धरून बसलेला.
ओव्हन लावायचा कंटाळा केला.
खुर्ची ओढली, बसले,
आणि थंडच खाल्लं, चमच्याने खरवडत.

पेन्सिल तिथेच होती.
चाळीस खोडून पंचावन्न लिहिलं.