उलांडी

बंदीच्या एकसष्ट दिवसांत तरबंदरला काम नसतं.
होड्या झापांखाली, जाळी माळ्यावर,
आणि आमचा बर्फाचा कारखाना गप्प.
तरी मी रोज जातो. कॉम्प्रेसरला हात लावून येतो,
म्हाताऱ्या बैलाला लावावा तसा.

त्या मंगळवारी रिकाम्या साच्यांत टॉर्च मारला
तर तळाशी बाटल्या.
सात साचे, सात बाटल्या, तोंडात चिंध्या,
आणि एक चिंधी ओळखीची:
माझ्या बहिणीच्या जुन्या साडीची, वांगी रंगाची.

ओरडलो नाही.
पोलीस ठाण्यातली शांतता कमिटी आठवली.
तिच्यात मीही असतो; चहा, ग्लुकोजची बिस्किटं,
होडेकर त्या बाकावर, आम्ही ह्या,
साहेब बोलतात, पंखा फिरतो,
आणि ज्यांच्यासाठी बैठक, ती पोरं
बाहेर कठड्यावर बसून
चिपळूणच्या दादाच्या मोटरसायकलची वाट बघतात.

हा दादा. त्याचा राग करायला जावं
तर एक गोष्ट आडवी येते.
बाप दर्यात गेल्यावर विघ्नेशला
'जेवलास का' असं रोज विचारणारा
गावात तोच एकटा निघाला.
मी मामा. मी विचारायचो, 'काम बघतोस का?'

म्हणून त्या रात्री साच्यांपाशी बसून राहिलो
डबा घेऊन. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण.
दीडला कडी वाजली. मला बघून तो दारातच थिजला.
'जेवलास का?'
उत्तर आलं नाही. भाकरी मात्र घेतली, उभ्यानंच.

मग मी मोबाईल काढला.
तो व्हिडिओ: होडीतली माणसं दुसऱ्याची जाळी कापतायत,
खाली लिहिलेलं, 'बघा, पल्याडच्या मोहल्ल्याची करणी.'
म्हटलं, 'हा तुला पहिल्यांदा कोणी पाठवला, आठवतं?
दादाने नाही. मी.
चौतीस जणांना पाठवला होता, दुपारच्या झोपेआधी.'

तो बराच वेळ बघत राहिला. पोर तांडेलाचं.
दोन बोटांनी चित्र मोठं केलं.
'मामा, ह्या होडीला दोन उलांड्या.
दोन्ही अंगांना. असली होडी आपल्यात कुठं हाय?'
नव्हतीच. कुठला दर्या तो, देव जाणे.
छत्तीस वर्षं मी ह्या काठावर बर्फ मोजतोय
आणि मला उलांडी दिसली नाही.
बघायचं होतं तेवढंच बघितलं.

बाटल्या त्यानेच काढल्या.
पेट्रोल माझ्या स्कूटरच्या टाकीत ओतलं,
वाया कशाला घालवा. त्यावरच गुरुवारी
दोघं रत्नागिरीला गेलो,
इंजिन-ड्रायव्हरच्या परीक्षेचा फॉर्म आणायला.
वाटेत तो एक शब्द बोलला नाही.

पल्याड मी एकटाच गेलो, तरीतून.
जलाल होडेकर ओटीवर जाळ्याला गाठी मारत होता.
सगळं सांगितलं, चौतीसचा आकडासुद्धा.
त्याने हातातली गाठ पुरी केली, दाताने दोरा तोडला
आणि आपला फोन पुढे केला.
तीच होडी. त्याच दोन उलांड्या.
खालचा मजकूर वेगळा: त्यात कापणारे आम्ही होतो.
'माझ्या थोरल्यानं दाखवलन,' तो म्हणाला.
'तो पण हल्ली घरात जेवत नाय.'
हमीदाबी आतून चहा घेऊन आली. बिस्किटं नव्हती.

गोष्ट संपली असं नाही.
शुक्रवारी मोटरसायकल अजून येते.
विघ्नेश कधी जातो, कधी नाही.
मी विचारत नाही; घरात दोन भाकऱ्या जास्त थापायला सांगतो.
होडेकरचा थोरला मला बघून अजून मान वळवतो.

जुलै सरता सरता साचे धुतले,
ते सात तीनदा, राखेने, मग लिंबाने.
तरी एक ऑगस्टला पहाटे बर्फ काढला
तर त्या सात लाद्यांना वास.
मासळीला लागला असता. कुणाला दिल्या नाहीत,
जेटीच्या टोकाला मांडून ठेवल्या.
होड्या गेल्या. दुपार झाली.
त्या अजून पुऱ्या वितळल्या नव्हत्या.