तीनशे शब्द, गुरुवारपर्यंत

संपादक म्हणाले, तीनशे शब्द. गुरुवारपर्यंत.
आपल्या गावची पोरगी आहे, जरा सांभाळून.
मग दारातून परत येऊन म्हणाले,
पण उगाच डोक्यावर घेऊन नाचू नकोस.

अल्बमचं नाव 'ओल'.
नऊ गाणी, एकेचाळीस मिनिटं.
सिंथ, ड्रम मशीन, आणि हौदाच्या तळातून यावा तसा
ऋजुता लोहारचा आवाज.
रेकॉर्डिंग : उद्यमनगर, वर्कशॉपवरची पत्र्याची खोली,
रात्री साडेअकरानंतर,
गल्लीतल्या मशिनी झोपल्या की.

मी एकवीस वर्षं लिहितोय.
भजनी मंडळांच्या स्पर्धा, नाट्यसंगीताच्या मैफली,
गणपतीतले ऑर्केस्ट्रा.
माझ्याकडे शब्दांचा एक डबा आहे,
दाणेदार, लडिवाळ, रसिक मंत्रमुग्ध.
तो उघडला. हलवून बघितला.
यातलं काहीच तिच्या गाण्यांवर बसेना.

तोवर बाहेरचे लिहून मोकळे झाले होते.
पुण्याच्या एकाचं म्हणणं, धुकं छान आहे
पण धुक्यात माणसानं जायचं कुणीकडं?
मुंबईच्या बाईंनी पाचातले साडेतीन तारे दिले,
उरलेला दीड कशात गेला ते सांगितलं नाही.
बंगळुरूच्या पोराला त्यात तीन परदेशी बँड सापडले,
कोल्हापूर सापडलं नाही.

मलाही नाही, खरं सांगायचं तर.
पण मी इथला. मला सापडायलाच हवं होतं.
म्हणून लिहिलं, 'या सुरांना इथल्या मातीचा वास आहे.'
(पोरीनं सगळं प्लगातून काढलंय.
मातीचा काय संबंध.)

तिसऱ्या गाण्याच्या बुडाशी एक घरघर आहे,
बारीक, फिरून फिरून एकाच जागी अडखळणारी.
तिला मी म्हटलं, 'महानगरी एकटेपणाचा हुंकार'.
वाक्य आवडलं. दोनदा वाचलं.
चहा सांगितला.

शुक्रवारी छापून आलं. शनिवारी फोन.

मी दत्तोबा लोहार. ऋजुताचा बाप.
चांगलं लिवलंय का वाईट, तेवढं सांगा सायेब,
म्हंजे फ्रेम करायची का न्हाई ते ठरवतो.

मी म्हटलं, चांगलंच आहे की.

मग एक सांगू का? ते तिसरं हाय न्हवं,
त्यात आमच्या दोन नंबरच्या लेथचं बेअरिंग गेल्यालं.
नवं आणून ठेवल्यालं मी. तर पोरगी म्हणाली,
थांबा आठ दिस.
आठ दिस त्येच्यावर काम घेतलं न्हाई.
नुसतं फिरवलं. रातचं. रिकामं.
बिल आलं तवा घरात कळालं.

पलीकडं कुणीतरी पाना खाली टाकला.
तुमी हुंकार म्हनलाय, ते म्हणाले,
बरोबर हाय. जाताना तसंच करतंय ते.

मी संपादकांना म्हटलं, दुरुस्ती छापूया.
ते म्हणाले, बेअरिंगची?

रविवारी तिचा मेसेज. एवढाच :
सर, एकेचाळीस नाही, बेचाळीस.
तुम्ही आधीच बंद केलंत वाटतं.

सोमवार. उद्यमनगरला सुट्टी.
कोटीतीर्थाच्या कठड्यावर बसलो,
कानात नववं गाणं, पाण्यात म्हशी.
गाणं संपलं. हात सवयीनं बटणाकडं गेला,
तो मांडीखाली दाबून धरला.

काही नाही. काही नाही.
मग खटका पडल्याचा आवाज,
आणि काहीतरी जड
हळूहळू फिरायचं थांबत जातं,
खूप वेळ घेतं थांबायला.
शटरची साखळी.
मग तोच आवाज, फोनवरचा, पण लांबून,
जिन्याखालून विचारावं तसा :

झालं का गं?

तिचं उत्तर रेकॉर्डमध्ये नाही.