कोरडं पिंप

तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं ते हसण्यावारीच.
"सँडर आयझबिस्टर ना? पिंपं बांधतो, आणि पिंपातच राहतो."
स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर हेरिंग चिरत होतो आम्ही,
बोटांना पिठाच्या पोत्याच्या चिंध्या,
चिंध्यांतून आत शिरणारं मीठ.

तू आलास, माझ्या पिंपाचं कडं ठोकलंस,
तीन ठोके, आणि मग लाकडाला कान लावलास
जणू आत कुणी निजलंय.
तोंडाला वास होता. हात मात्र स्थिर.
(ते पहाटे कापायचे. हे मला
लग्नानंतर कळलं.)

त्या सालची चाळीस पिंपं
श्टेटिनच्या बंदरात उघडली तेव्हा
खारं पाणी वाटेतच गळून गेलेलं,
मासळी काळी पडलेली.
कडी तू ठोकलीच नव्हतीस. तू गोदामामागे पडला होतास.
आमची मोसमाची मजुरी कापली गेली.
बार्बरा लिंकलेटरनं नाताळाआधी गाय विकली,
दावं तिच्या हातातच राहिलं होतं,
ते घेऊन ती घरी चालत गेली, मी पाहिलं.

मी तुला काही बोलले नाही.
माझी सुरी धुतली, पुसली, आणि आईकडे गेले.

पाद्री कागद घेऊन आला: दारू सोडतो, म्हणून सही कर.
तू केली नाहीस.
म्हणालास, सह्या मी पुष्कळ केल्यात.

पुढे दर शनिवारी
बार्बराच्या खिडकीच्या फळीवर दोन शिलिंग.
ती दार उघडायची नाही. पैसे मात्र उचलायची.
मधे दोनदा घसरलास,
तेव्हा फळी रिकामी, आणि सगळ्या गावाला ठाऊक.
तिसऱ्यांदा तू माझ्या आईच्या दाराशी आलास,
आत ये म्हटलं नाही, तसा उंबऱ्यावरच बसलास.

"मेरन, पिंप रिकामं ठेवलं की वाळतं.
फळ्या आकसतात, फटी पडतात.
दारू नसली तरी पाणी भरून ठेवावं लागतं,
नाहीतर चांगलं लाकूडही गळायला लागतं."
"मग तुझं पाणी कुठलं?"
तुला माहीत नव्हतं. तसं म्हणालास.
त्या एका उत्तरासाठी मी परत आले,
बाकी सगळं तू आधीही छान बोलायचास.

आता पहाटे तुझे हात कापतात तेव्हा
पोत्याची चिंधी फाडून मी तुझी बोटं बांधते,
एकेक, दोऱ्याचं टोक दातात धरून,
धक्क्यावर आम्ही एकमेकींची बांधायचो तशी.
त्यानं कापणं थांबत नाही.
तरी तू हात पुढे करतोस.

सात वर्षांनी बार्बराच्या गोठ्यात गाय आली, तांबडी, एका शिंगाची.
बार्बरा अजून तुझ्याशी बोलत नाही.
अधूनमधून दूध पाठवते,
भांडं परत करायला तूच यावंस, असा निरोप असतो.