आधी हात खिशात

आधी हात खिशात घाला, मी म्हणते.
सत्तावीस मुलं, चोपन्न हात.
इस्माएलच्या कोटाचे खिसे फाटलेत,
तो पंजे काखेत दाबून उभा राहतो.
आता डोळ्यांनी उचला. बोटांनी नाही.

पुंता अरेनासमध्ये आज वारा असा
की चौकात दोर बांधलेत, धरून चालायला.
मीही लॅबमधून पेटी घेऊन आले ती दोर धरत धरत,
एक हातमोजा वाऱ्यानं नेला.
त्याचा तपास कुणी करणार नाही.

गुन्हा असा: टेबलावरचा केक अर्धा गायब,
खिडकीखाली ट्रेमधल्या चिखलात बुटाचा एक ठसा.
(चिखल मीच कालवला सकाळी, केकही मीच खाल्ला.)

इस्माएलचा बूट! निकाल तीन सेकंदांत.
पुरावा? त्याचेच बूट नेहमी चिखलाचे असतात.
आणि परवा त्यानं माझा रबर घेतला होता.
इस्माएल खाली बघतो, स्वतःच्या पायांकडे,
आणि मला दिसतं, क्षणभर त्यालाही पटतंय
की असेल बुवा, आपणच खाल्ला असेल.
असे चेहरे मी मोठ्या माणसांचेही पाहिलेत,
सही केलेल्या जबाबाच्या वर.

प्लास्टर ओतते. आता अर्धा तास थांबायचं.
अर्धा तास?
हो. सिनेमात हाच भाग कापतात.

तोवर पेला, काळी पूड, खारीच्या केसांचा ब्रश.
माइते फुंकर मारते, पूड तिच्या नाकावर,
आणि काचेवर हळूहळू उगवतं तिचंच बोट:
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा रेघा.
हे माझ्याकडे कायम होतं? ती विचारते.
कायम. जन्माच्याही आधीपासून.
ती दिवसभर मग ते बोट जपून वापरते.

प्लास्टर सुटतं. बूट काढा सगळ्यांनी.
वर्गात मोज्यांचा वास, आणि जुळणारे जोड चार,
कारण बंदराजवळचं दुकान एक, हिवाळ्याचा माल एक.
ठसा म्हणतो: असा बूट.
ठसा म्हणत नाही: हा मुलगा.
या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत
मी एकोणीस वर्षं नोकरी केली.
घाई झाली की चोर सुटतो
आणि संन्यासी सुळावर जातो. इस्माएल, बूट घाल.

इथे माझा धडा संपत होता.
पण रायेन अजून साच्यावर वाकलेली.
टाचेच्या खाचेत खडा अडकलाय, ती म्हणते, गोल.
मग माझ्याकडे बघते.
बाई, तुमचा डावा पाय वर करा.

माझा पाय लहान, नंबर पस्तीस.
दुकान तेच.
खडा किनाऱ्यावरचा, रविवारचा.
वर्गानं जो आरडाओरडा केला
तो त्या वाऱ्यातही पलीकडच्या इमारतीत ऐकू गेला असेल.
इस्माएल सगळ्यांत शेवटी हसला, आणि सगळ्यांत जास्त वेळ.

घंटा झाल्यावर ती मागे राहिली.
हाडावरून नाव कळतं का?
कधीकधी.
आजीनं गालातून कापूस फिरवून दिलाय,
मी जन्मायच्या आधी. तिच्या भावासाठी.
उत्तर कधी येतं?

माझे हात खिशात गेले, आपोआप.
खोटं बोलणं सोपं होतं, ती अकरा वर्षांची होती.
पण हिनं माझा खडा पाहिला होता.
माहीत नाही, मी म्हटलं. तुला काय माहीत आहे, ते सांग.

तो बूट बांधताना शीळ घालायचा.
अंडं खात नसे.
डाव्या पायाची करंगळी बर्फावर मोडली होती,
वाकडीच जुळली, म्हणून उन्हाळ्यातही बूट.

मी हात बाहेर काढले. वही काढली.
हे आजीनं तेव्हा लिहून दिलं होतं का?
नाही. कापूस घेतला फक्त.
कुणी विचारलंच नाही.

बाहेर इस्माएल दोर धरून उभा, तिची वाट बघत.
मी तारीख घातली, वेळ घातली.
आता नाव, म्हटलं. सावकाश. एकेक अक्षर.