उलटं सी

मंगळवारी शाळेची सहल यायच्या आत
माझी दगडांवरची धूळ काढून झालेली असते,
मऊ ब्रशने, अक्षरांच्या खाचांतून.
एल. म्हणजे लुसियस. टी. म्हणजे टायटस.
सी. म्हणजे मात्र गायस:
'ग' अजून वेगळा झाला नव्हता तेव्हाचं वळण,
हाताला लागलं ते लागलं.

अख्ख्या फलटणीत मिळून जेमतेम दीड डझन नावं.
आजोबाचं नातवाला, बापाचं थोरल्याला.
एक हाक मारली की अर्धी बराक वळत असणार.
पूर्ण कोरायचं कशाला?
एक अक्षर, एक टिंब, छिन्नी पुढे.
ग्वेंडाला याचं नवल नाही, ती रेक्सॅमची;
तिच्या गल्लीत दूधवाला जोन्स, दातवाला जोन्स,
आणि नुसताच जोन्स, तो वारला.

"आणि बायकांचं पहिलं अक्षर?" एक मुलगी विचारतेच.
नसायचं, बाळ, बहुतेकींना.
व्हॅलेरियसच्या घरी व्हॅलेरिया.
दुसरी झाली तर 'दुसरी', तिसरी झाली तर 'तिसरी'.
आमच्या आळीत चौथीला नकुसा म्हणत,
ते मी सांगत नाही.

कोपऱ्यातला दगड एका सुटलेल्या गुलामाचा.
कुणी सोडला ते लिहायला हवं.
मालक असता तर त्याचं अक्षर आलं असतं.
मालकीण होती.
म्हणून सी फिरवून पाठमोरं कोरलं: गाया.
म्हणजे कोणीही बाई.
शिपायांच्या दगडांवर हेच चिन्ह
शंभरांच्या तुकडीचं असतं. इथे एकीचं.

आई माहेरची कुमुद.
ताटातल्या तांदळांत अंगठीने 'वैजयंती' उमटलं,
आणि तेच तांदूळ रात्री भाताला लागले.
मामाची पत्रं तेवढी कुमुदला यायची.
मामा गेला, मग नाहीत.
मला इथे दवाखान्यात 'मिसेस धोंडीराम' म्हणून पुकारतात;
मधल्या रकान्यातले वडील सरकून पुढे आले.
मी उठते. त्यांनाही कुणी हाक मारायला हवीच.

चेस्टरला रोमन लोक 'देवा' म्हणत, नदीवरून.
पहिल्या दिवशी पाटी वाचून मी थबकले,
कोणीतरी दमून बसताना म्हणतं तसं वाटलं.

काल उलट्या सीच्या खाचेत एक कोळी निघाला,
पाय आखडून, अक्षराच्या मापाचा.
ब्रश बाजूला घेतला.
ग्वेंडाने पाहिलं. बोलली नाही.